भीक मागणाऱ्यांविरुद्धच्या अर्जावर मी सही का केली नाही : पेठेतील दुकानदारांना खुले पत्र

प्रति,
नवी पेठ आणि आसपासच्या बाजारपेठेतील सर्व दुकानदार बंधू-भगिनी,
सोलापूर.

विषय : बाजारपेठेत भीक मागणाऱ्यांवर कारवाईची मागणी करणाऱ्या अर्जाबाबत.

सप्रेम नमस्कार.

आपल्यातील काही मंडळींनी तयार केलेला एक अर्ज सध्या दुकानोदुकानी सह्यांसाठी फिरत आहे. पेठेत भीक मागणाऱ्यांना पोलिसांनी उचलून न्यावे, महानगरपालिकेने चौकाचौकांत 'येथे भीक देऊ नये' असे फलक लावावेत आणि इंदूरप्रमाणे भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याची तजवीज व्हावी, अशा मागण्या त्यात आहेत. माझ्या दुकानात तो आला तेव्हा मी वाचून परत केला आणि सही केली नाही. आपण वर्षानुवर्षांचे शेजारी आहोत. सही न करण्याचे कारण तोंडी सांगितले तर चार दुकाने पुढे जाईपर्यंत ते वेगळेच होऊन बसते, म्हणून लिहूनच सर्वांपुढे ठेवत आहे.

अर्जामागची चीड मला परकी नाही. दिवाळीच्या किंवा रमजान ईदच्या आधीच्या आठवड्यात, नाहीतर संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, दुकानाच्या पायरीवर पाय ठेवायला जागा नसते. गिऱ्हाईक पाकीट उघडते न उघडते तोच शेजारून हात पुढे येतो, एखादे पोर साडीचा पदर ओढते आणि बाई वैतागून 'नंतर येते हो' म्हणत निघून जाते. भाडे, विजेचे बिल आणि घरबसल्या मोबाइलवर होणारी खरेदी या सगळ्यांशी झगडत गल्ल्यावर बसलेल्या माणसाला तेवढे एक गिऱ्हाईक जाणेही परवडत नाही. हा त्रास खरा आहे. माझा आक्षेप आपण मागितलेल्या उपायाला आहे.

पोलिसांनी 'उचलून न्यावे' म्हणजे नेमके काय करावे, याचा विचार अर्ज लिहिणाऱ्यांनी केला असावा असे मला वाटत नाही. आपल्या राज्यात भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा कायदा अजून लागू आहे. त्यानुसार पोलीस भीक मागणाऱ्याला वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. न्यायालयाने ताकीद देऊन सोडले नाही, तर त्या माणसाला पहिल्याच वेळी किमान एक आणि जास्तीत जास्त तीन वर्षे भिक्षेकरी गृहात डांबता येते, आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास ही मुदत १० वर्षांपर्यंत जाऊ शकते. त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या माणसांनाही त्याच्याबरोबर आत ठेवण्याची तरतूद त्यात आहे. आणि भीक म्हणजे काय, याची या कायद्यातील व्याख्या इतकी ऐसपैस आहे की गाणे म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करून पैसे मागणेही तिच्यात बसते. उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकत राहणे हेसुद्धा बसू शकते. म्हणजे सकाळी टाळ वाजवत येणारा वासुदेव, कडकलक्ष्मी घेऊन येणारा पोतराज आणि सिग्नलला पेन विकणारी मुलगी यांना एकाच गाडीत बसवायला कायद्याची आडकाठी नाही. आपल्या गणेशोत्सव मंडळांची पोरे पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात आणि 'पाचशे एकच्या खाली पावती फाडत नाही' असे सांगतात, त्यांच्याविरुद्ध मात्र आपल्यातील कोणी अर्ज काढल्याचे मला आठवत नाही.

दिल्लीतही हाच कायदा लागू केलेला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्यातील मुख्य कलमे घटनाबाह्य म्हणून तेथे रद्द केली; सक्तीने भीक मागायला लावणाऱ्या टोळ्यांविरुद्ध वेगळा कायदा करण्याची मोकळीक मात्र सरकारला ठेवली. पुढे जुलै २०२१ मध्ये रस्त्यावरच्या भिक्षेकऱ्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा हा सामाजिक-आर्थिक प्रश्न आहे असे सांगून त्यांना रस्त्यावरून हटवण्याचा आदेश देण्यास न्यायालयाने नकार दिला. दिल्लीचा निकाल महाराष्ट्राला आपोआप लागू होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण देशातील एका उच्च न्यायालयाने ज्या कलमांना घटनाबाह्य ठरवले, तीच कलमे वापरा म्हणून आपण हौसेने अर्ज करावा का?

सोलापूरकरांनी तर हा प्रश्न अधिक जपून हाताळायला हवा. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि त्यातील हजारो माणसांना तारेच्या कुंपणात कोंडले. त्यातले एक मोठे कुंपण आपल्याच शहरात होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमातींवरचा हा शिक्का उठला, तरी त्या भागाला आपण आजही सेटलमेंट म्हणतो. त्या वस्तीत वाढलेली माणसे आज आपल्या पेठेत नोकरी करतात, गाळे चालवतात, आपल्या मुलांना शिकवतात. माणसाने काय केले हे न बघता तो कोण आहे एवढ्यावरून त्याला उचलण्याची मागणी याच शहरातून व्हावी, हे मला पटत नाही.

इंदूरचे उदाहरण अर्जात मोठ्या कौतुकाने दिले आहे. तेथील जिल्हा प्रशासनाने १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावर गुन्हा नोंदवण्याचा आदेश काढला, हे खरे. पण अर्जावर ज्यांच्या सह्या मी पाहिल्या, त्यांच्यापैकी कित्येकांच्या गल्ल्याशेजारी सुट्या नाण्यांची वाटी असते. शनिवारी तेलाच्या डब्यात शनीची प्रतिमा घेऊन येणाऱ्याला त्यातून एक नाणे जाते, शुक्रवारी लोबानाचा धूर घेऊन येणाऱ्या फकिराला दुसरे. नव्या दुकानाच्या मुहूर्ताला तृतीयपंथीयांनी येऊन दृष्ट काढावी म्हणून आपण निरोप धाडतो, आणि एरवी त्यांनी टाळी वाजवली की तो उपद्रव होतो. त्यांच्यापैकी एकीला तरी काउंटरवर कामाला ठेवल्याचे मी आपल्या पेठेत पाहिलेले नाही, माझ्याही दुकानात नाही. या वाटीवर उद्या पोलिसांची नजर असावी, असे आपल्याला मनापासून वाटते का?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण अर्ज घेऊन आलेल्या मित्राने मला शेवटी एकच प्रश्न विचारला : 'यातले खरे किती आणि ढोंगी किती, तुम्हीच सांगा.' मला सांगता येत नाही. त्यालाही येत नाही. एसटी स्टँडवर इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ हलक्या आवाजात सांगतो की पाकीट मारले गेले, उमरग्याला जायचे आहे, तिकिटाला थोडे कमी पडतात; काही दिवसांनी तोच गृहस्थ रेल्वे स्टेशनसमोर भेटतो आणि या वेळी त्याला गुलबर्ग्याला जायचे असते. सिव्हिलच्या फाटकाबाहेर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली डॉक्टरची चिठ्ठी दाखवणारी बाई असते. घड्यांवर चिठ्ठी फाटत आलेली, तारीख जुनी. जुनी तारीख हा फसवणुकीचा पुरावा म्हणायचा, की ते औषध अजूनही घेता आलेले नाही याचा? आणि हे ठरवायला आपल्याजवळ किती वेळ असतो? गाडीवर असलो तर सात रस्त्याचा सिग्नल सुटेपर्यंत.

माझ्या दुकानाच्या पायरीवर सकाळी एक आजोबा येऊन बसतात. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये मागावर होतो, मिल बंद पडली आणि सगळे गेले, असे ते सांगतात. गिरणी कामगाराचे नाव घेतले की सोलापुरात माणूस विरघळतो, हे मागणाऱ्यांनाही माहीत असते, म्हणून मी पहिल्यापासून ते अर्ध्या कानाने ऐकत असे. एकदा टॉवेलांचा गठ्ठा सोडताना एका टॉवेलच्या काठाचा धागा निघाला. आजोबांनी तो माझ्या हातातून घेतला, दोन्ही टोके जिभेला लावून ओली केली, आणि अंगठा व तर्जनी यांच्यात एकच वळसा देऊन इतकी बारीक गाठ मारली की बोट फिरवले तरी लागेना. 'गाठ जाड राहिली की फणीत अडकते की ओ शेठ,' एवढेच म्हणाले. तेव्हा ते मागावर होते, हे मला पटले. पण ते पटण्याआधी रोज त्यांना चहा द्यायला मला काही अडचण नव्हती, आणि ती गाठ त्यांना मारता आली नसती तरी त्यांची भूक खोटी ठरली नसती. हे लक्षात आल्यापासून खरे-खोटे करण्यात मी वेळ घालवत नाही.

आपण धंदेवाईक माणसे आहोत, तेव्हा हिशेबाच्या भाषेतच सांगतो. उधारीच्या वहीत दर दिवाळीला काही नावे आपण निमूटपणे खोडतो; त्यांतली काही माणसे खरोखर अडलेली असतात आणि काहींनी आपल्याला सरळ टोपी घातलेली असते. तरीही उधारी बंद करा म्हणून आपण पोलिसांकडे जात नाही. किती बुडाले तर चालेल, हे आधी ठरवतो आणि तेवढीच उधारी देतो. भिकेचेही तसेच करता येते. आपल्यातील मुसलमान बांधव वर्षाकाठी बचतीच्या अडीच टक्के जकात हिशेबाने काढतात. लिंगायत घरांत दासोहासाठी, म्हणजे अन्नदानासाठी, धान्य बाजूला काढण्याची रीत आहे. कित्येक मारवाडी, गुजराती पेढ्यांच्या वह्यांत धर्मादायाचे खाते वेगळे असते. या सगळ्या रीतींमधले शहाणपण मला असे दिसते की, द्यायचे किती हे दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा बघून ठरवायचे नसते, ते आधीच घरी ठरलेले असते. मी महिन्याच्या सुरुवातीला एक रक्कम बाजूला काढतो. ती रक्कम सगळीच्या सगळी लबाडांना गेली तरी माझी झोप मोडणार नाही, एवढीच ती असते. ती संपली की हात जोडतो. नाही म्हणायला मला लाज वाटत नाही, आणि आपल्यातील जे कोणालाच काही देत नाहीत त्यांनाही वाटू नये. देण्याची सक्ती नको, तशीच न देण्याचीही नको, एवढेच माझे म्हणणे आहे.

मात्र नकाराचीही एक रीत असते. 'माफ करा, पुढे चला' एवढे शब्द पुरतात. धडधाकट दिसतोस, काम का करत नाहीस, हा प्रश्न मी विचारत नाही, कारण त्याने 'मग द्या काम' असे म्हटले तर देण्यासारखे काम माझ्याजवळ नसते. पायरीवर पाणी ओतून माणसाला उठवणे, पोऱ्याकरवी ढकलणे आणि वर त्याचा व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाकणे, हे प्रकार आपल्या पेठेत घडले आहेत. ज्यांनी ते केले त्यांची नावे येथे लिहीत नाही. त्यांनी हे वाचावे एवढीच इच्छा आहे.

मुलांच्या बाबतीत मी वेगळा वागतो. लहान मुलाच्या हातात मी रोख पैसे देत नाही. केळे, बिस्किटाचा पुडा किंवा समोरच्या गाड्यावरची इडली देतो आणि ती माझ्यासमोर खाऊ देतो, कारण मुलाच्या हातातले नाणे बहुधा मुलाकडे राहत नाही. पाठीमागे टोळी असते, हे आपल्यातील अनेकांचे म्हणणे काही ठिकाणी खरेही असेल. पण टोळीसाठी वेगळा आणि पुरेसा कडक कायदा आहे : बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७६ नुसार मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो, आणि त्यासाठी मुलाला अपंग केले असेल तर शिक्षा किमान सात वर्षांपासून सुरू होते. शंका आली तर मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर फोन करावा. कडेवर मूल असलेल्या प्रत्येक बाईला 'हे पोर कोणाचे चोरलेस' असे चारचौघांत विचारणे हा त्याचा पर्याय नव्हे. बहुतेक वेळा ते पोर तिचेच असते आणि त्याला ठेवायला दुसरी जागा नसते, म्हणून ते कडेवर असते.

मग त्रास तसाच सोसायचा का? नाही. अर्ज करूच, पण ज्याने पायरी खरोखर मोकळी होईल असा करू. ही माणसे आपल्या पायरीवर का बसतात, तर दुसरीकडे बसायला जागा नाही म्हणून. शहरी बेघरांसाठीच्या निवाऱ्याचा सरकारी निकष दर एक लाख लोकसंख्येमागे १०० जणांची सोय असावी असा आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती, म्हणजे त्या जुन्या आकड्यानेही नऊशेहून अधिक माणसांना रात्री पाठ टेकायला जागा हवी. आपल्या शहरात आज किती खाटा आहेत, त्या कोठे आहेत, बाईमाणसासाठी वेगळी सोय आहे का, आणि रात्री उशिरा आलेल्याला आत घेतात का, ही माहिती महानगरपालिकेने प्रत्येक चौकात लावावी. 'भीक देऊ नये' या फलकापेक्षा हा फलक आपल्या जास्त उपयोगाचा आहे, कारण नाही म्हणताना बोट दाखवायला काहीतरी असेल. दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीचेही तसेच; २६ जानेवारी २०२० पासून ती योजना आहे, दोन चपात्या, भाजी, वरण, भात मिळतो, पण थाळी दुपारी ठरावीक वेळात आणि ठरावीक संख्येतच मिळते, आणि जवळचे केंद्र कोठे आहे हे आपल्या पेठेतील दहा दुकानदारांना विचारले तर आठ जण कान खाजवतील.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. ६५ वर्षांखालील निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि त्यापुढच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. दिव्यांग सोडून इतरांना दरमहा दीड हजार रुपये मिळतात. दिव्यांग सोडून इतरांच्या बाबतीत, ज्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत आहे त्याच्यासाठीच या योजना आहेत, म्हणजे पायरीवर बसणारी बहुतेक माणसे त्यात बसायला हवीत. पण उत्पन्नाचा दाखला हवा, महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिल्याचा रहिवासी दाखला हवा, वयाचा पुरावा हवा, आधारला जोडलेले बँक खाते हवे. ज्याचे घरच राहिले नाही त्याने रहिवासी दाखला कोणत्या पत्त्यावर काढायचा? वर सांगितलेल्या आजोबांबरोबर मी या खेपा घातल्या आहेत. जन्मभर सुताशी घासलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, म्हणून खिडकीवरून 'पुन्हा या' असे उत्तर मिळाले. त्या दिवशी ते माझ्याकडे बघून हसले, आणि रिक्षात बसल्यावर परतीचे भाडे देऊ का म्हणून विचारू लागले. विड्या वळणाऱ्या बायकांची बोटेही अशीच गुळगुळीत झालेली असतात, आणि आपल्या पूर्व भागात अशा बायका घरोघरी आहेत. ही अडचण एकट्या आजोबांची नाही.

तिसरी गोष्ट जे स्वतःशीच बोलत फिरतात त्यांची. अर्जात त्यांना 'वेडे भिकारी' म्हटले आहे. तो शब्द काढावा ही विनंती. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा बेवारस फिरणाऱ्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे असते, आणि तिला कोठडीत ठेवायचे नसते. येथे पोलिसांकडे मागणी करायला पुरेपूर जागा आहे, आणि ती मागणी करण्यात मी सर्वांच्या पुढे असेन.

या मुद्द्यांवर एक वेगळा अर्ज मी लिहून काढला आहे : निवाऱ्यांची आणि भोजन केंद्रांची माहिती चौकात लावावी, निराधार व श्रावणबाळ योजनेसाठी आपल्या पेठेतच शिबिर घ्यावे, तेथे ठसे न उमटणाऱ्यांसाठी डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवणारे यंत्र असावे आणि पत्ता नसलेल्यांना रहिवासी दाखला कसा द्यायचा याचा निर्णय तेथल्या तेथे घेणारा अधिकारी हजर असावा, आणि मनोरुग्णांच्या बाबतीत कलम १०० चे पालन व्हावे. यातील भाषा ज्यांना जहाल किंवा मवाळ वाटेल त्यांनी खुशाल दुरुस्ती सुचवावी. पहिल्या अर्जावर ज्यांनी सह्या केल्या आहेत त्यांनाही यावर सही करायला हरकत नाही, दोन्ही एकाच वेळी दिले तरी चालतील. साहेबांनाच ठरवू द्या कोणता सोपा पडतो ते.

शिबिरासाठी जागा लागेल. ज्यांचा पोटमाळा किंवा वरचा मजला दसऱ्यापर्यंत रिकामा आहे, त्यांनी एका दिवसासाठी तो द्यावा. जिना फार उभा नसावा, कारण येणाऱ्यांत म्हातारी माणसे असतील. फॉर्म भरून द्यायला तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी तीन-चार मुले हवी आहेत. ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुले आहेत त्यांनी मला कळवावे. अर्ज माझ्या काउंटरवर आहे. सोमवारी दुकान बंद असते, एरवी रात्री साडेआठपर्यंत कधीही यावे.

आपला स्नेहांकित,
पेठेतील एक टॉवेल-चादर विक्रेता